चौथं ग्रीन उघडं असताना

मे महिना सरत आला की गोल्फ क्लबच्या फाटकावर पाटी लागायची. पहिले नऊ होल ग्रीनच्या कामासाठी बंद. आणि ती पाटी लागली की दौलत सोनकांबळे घरात असूनही घरात नसायचा. बायको गीता विचारायची एक, तो सांगायचा दुसरंच. जेवता जेवता ताटावरच त्याची मान लवायची. हैदराबादेत कुकटपल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मग सगळे त्याच्या कलाने वागायचे, कारण या दिवसांत त्याच्याशी बोलून काही हाती लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचा तो गोल तुकडा, जिथलं गवत रोज कापून नखाएवढंही वाढू देत नाहीत. वर्षभर त्यावर माणसं चालतात, खालची माती दाबून घट्ट होते, मुळं गुदमरतात. म्हणून वर्षातून एकदा यंत्र फिरवून ग्रीनभर बोटाएवढी भोकं पाडायची, वर आलेल्या मातीच्या गुल्ल्या झाडून उचलायच्या, कोरडी वाळू पसरून ती भोकांत घासून घासून भरायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पाणी द्यायचं. उघडी भोकं हैदराबादच्या उन्हात तशीच राहिली तर गवत आतूनच करपतं. सांगायला काम एवढंच. पण ते करताना दिवसभर वाकायचं, वाळू ओढायची, तापल्या जमिनीवर बूट भाजेपर्यंत उभं राहायचं. हे काम दौलत तिशीच्या आतला होता तेव्हापासून करत आला होता. आता तो सुपरवायझर होता, यंत्र दुसरे चालवत, तरी वाकणं काही सुटलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या कमरेत एक कळ बसली होती आणि ती उन्हाळ्यात पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरायची.

सदस्यांना या दिवसांत राग यायचा. उरलेल्या नऊ होलवर गर्दी व्हायची, आणि येता-जाता कुणीतरी म्हणायचंच, मैदानाची चाळणी केली म्हणून. पूर्वी दौलत थांबून समजावून सांगायचा. आता नुसती मान हलवायचा. मान हलवायला कमी ताकद लागते.

घरात त्याची आई होती, केसरबाई. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, पण अजून पाठीचा कणा सरळ. तिची धाकटी बहीण गयाबाई देगलूरजवळच्या गावात राहायची. आदल्या वर्षीच्या थंडीत गयाबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून केसरबाई म्हणत होती, मला गयाकडे नेऊन सोड. दौलत म्हणायचा, हौ, नेतो. आधी म्हणाला, भोकं पाडायचं काम होऊ दे. ते झालं तर पावसाळा लागला. पावसाळ्यात ग्रीनवर बुरशी येते, रोज सकाळी गुडघ्यावर बसून गवत न्याहाळावं लागतं. बुरशी संपली तर हिवाळा आला, हिवाळ्यात स्पर्धाच स्पर्धा. मग पुन्हा उन्हाळा. केसरबाईने एकदाही आवाज चढवला नाही. ती विचारायची, तो सांगायचा, आणि ती भाजी निवडायला बसायची. दौलतला वाटायचं, तिला पटलंय.

त्या दिवशी चौथ्या ग्रीनवर काम चाललं होतं. चौथं ग्रीन उंचवट्यावर होतं, चहूबाजूंनी वारा लागायचा. यंत्र नुकतंच फिरून गेलं होतं, बायका गुल्ल्या झाडत होत्या, आणि दौलतचा मदतनीस यादगिरी वाळूची ट्रॉली आणायला गेला होता. ऊन चांगलंच चढलं होतं. तेवढ्यात गीताचा फोन आला. ती सिकंदराबादच्या एका दवाखान्यात आया होती, कामावरून सहसा फोन करत नसे.

"आई गावी गेल्या," ती म्हणाली. "मीच सकाळी त्यांना संगारेड्डीच्या बसमध्ये बसवून दिलं."

दौलतला आधी कळेचना. मग त्याचे कान तापले.

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारून विचारून दीड वर्ष झालं," गीता म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिने सगळं सरळ सांगितलं. तेलंगणात बायकांना बस फुकट, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. केसरबाईने आधार कार्ड पदराला बांधून घेतलं होतं. इकडे बाई म्हणून जाईन, तिकडे म्हातारी म्हणून जाईन, मला कुणाचं काय लागतंय, असं ती रात्री म्हणाली होती. गीताने बस कुठे कुठे बदलायची ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. दुपारपर्यंत पोचतील, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

दौलत पुन्हा कामाला लागला. दुसरं काय करणार होता? पण त्याचं लक्ष उडालं. वाळू पसरणाऱ्यावर तो उगाच ओरडला, मग पाण्याच्या बाटलीचं झाकण सापडेना म्हणून चिडला. राग आईचा होता, बायकोचा होता, आणि त्याच्याही तळाशी एक गोष्ट होती जी तो बाहेर काढत नव्हता: दोघींनी मिळून ठरवलं आणि तो त्याच घरात, शेजारच्या खोलीत, घोरत पडला होता.

दुपारी त्याने गयामावशीच्या मुलाला, गौतमला, फोन लावला. केसरबाई पोचली नव्हती. गौतमला ती येणार हेही ठाऊक नव्हतं. तिचा स्वतःचा फोन बंद होता. दौलतने थोड्या वेळाने परत विचारलं. नाही. आणखी एकदा विचारलं. अजून नाही, गौतम म्हणाला, मी फाट्यावर जाऊन बघून आलो. आता दौलतच्या डोळ्यांपुढे कुठलातरी अनोळखी स्टँड यायला लागला, बाकावर कलंडलेली म्हातारी आणि भोवती बघ्यांची गर्दी. एवढ्या उन्हात तिने सकाळपासून पाणी तरी प्यायलं होतं का?

चौथ्या ग्रीनची वाळू अजून अर्धीच भरून झाली होती. यादगिरीने त्याचा चेहरा बघितला आणि काय झालं ते विचारून घेतलं.

"आप जाओ अन्ना," यादगिरी म्हणाला. "मैं हूँ ना, देख लेतूँ."

मैदानाचा मॅनेजर अभिजीत पुण्याचा होता, गवताचं शिक्षण घेऊन आलेला, वयाने दौलतच्या मुलाएवढा, पण माणसाला माणूस समजणारा. त्याला मजुरांचं, सदस्यांचं आणि कमिटीचं असं तिन्ही बाजूंचं ऐकावं लागायचं, आणि या दिवसांत त्याचेही डोळे लाल असायचे. त्याने एकच प्रश्न विचारला नाही, तो म्हणजे ग्रीनचं काय. दौलतराव, तुम्ही निघा, म्हणाला. खरं तर त्याने विचारलं असतं तर दौलतला बरं वाटलं असतं.

तो तसाच निघाला. अंगावर कामाचे कपडे, बुटांत वाळू. मियापूरच्या पुढे हमरस्त्यावर उभा राहून त्याने संगारेड्डीची बस धरली, तिथे उतरून दुसरी. दर स्टँडवर तो उतरायचा, बाकांवरून नजर फिरवायचा, कंडक्टरला आणि चहावाल्याला विचारायचा. हिरवं लुगडं, उंच, हातात कापडी पिशवी. कुणी बघितलेली नसायची. ज्यांनी बघितली असेल ते सकाळच्या पाळीचे लोक घरी गेले असतील, अशी तो मनाची समजूत घालायचा आणि पुन्हा बसमध्ये चढायचा. खिडकीतून येणारा वारा भट्टीवरून आल्यासारखा होता.

पिटलमच्या स्टँडवर बस उभी असताना गौतमचा फोन आला. केसरमावशी आली, तो म्हणाला, आत्ताच आली. देगलूरला उतरून ती विहारात पाया पडायला गेली, तिथे तिच्या माहेरच्या बायका भेटल्या, त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, जेवल्यावर ती तिथेच आडवी झाली. फोनची बॅटरी संपू नये म्हणून तिने तो बंद करून ठेवला होता. एवढंच.

दौलतने फोन खिशात ठेवला. समोरच्या बाजूला हैदराबादकडे जाणारी बस लागलेली होती. आता उतरून तीत बसलं तर रात्री घरी, आणि उजाडायच्या आत चौथ्या ग्रीनवर. हे त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. आई सुखरूप होती, पुढे जाण्याचं कारण उरलं नव्हतं. ड्रायव्हर चहा पिऊन आला, इंजिन सुरू झालं. दौलतने पुढच्या सीटच्या दांडीवर हात ठेवला, पण पाय उचललेच नाहीत. आपण काही ठरवलं असं त्याला नंतरही कधी वाटलं नाही. तो फक्त उठला नाही. बस स्टँडबाहेर पडली, आणि गाव मागे पडायच्या आतच त्याला झोप लागली. कित्येक आठवड्यांत लागली नव्हती अशी. मदनूरला कंडक्टरने खांद्याला धरून हलवलं तेव्हा तो दचकून म्हणाला, पाणी सोडलं का?

दिवेलागणीच्या सुमाराला तो गावात पोचला. गौतमच्या घरापुढे पत्र्याच्या मांडवाखाली खाट होती, खाटेवर गयामावशी, आणि उशाशी केसरबाई फणी घेऊन बसलेली. महिनोन्महिन्यांचा गुंता ती बोटांनी मोकळा करत होती. गौतमची बायको वाईट नव्हती, तिने सासूचं सगळं केलं होतं, पण शेत, दोन लेकरं आणि अंथरुणातली सासू यांत केसांपर्यंत हात पोचला नव्हता.

केसरबाईने मुलाकडे बघितलं, फणी थांबवली नाही.

"कामून आलास?"

"तू पोचली नव्हतीस म्हणून."

"मंग पोचले की."

दौलत पायरीवर बसला. सगळ्या वाटेत त्याने मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. सांगून निघायचं असतं, फोन चालू ठेवायचा असतो, काही झालं असतं तर. त्यातलं एकही वाक्य त्याला आता उचलवेना.

"काम टाकून आलास?" केसरबाईने थोड्या वेळाने विचारलं.

"हौ."

"कोनतं उघडं हाय?"

"चौथं."

एक गाठ सुटत नव्हती, ती तिने दातांनी सोडवली. मग म्हणाली, "हात-पाय धू. तोंड बघ कसं झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला अंघोळ घालायची होती. एरवी अंगच पुसून घेत, कारण तिला उचलायला दोघं तरी लागायचे. गौतमने आणि दौलतने तिला खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं. ती एका बाजूला कलायला लागली, तेव्हा दौलतने मागून तिच्या काखेत हात घालून तिला धरून ठेवलं. केसरबाईने पाणी ओतायला सुरुवात केली.

ही बाई एके काळी त्याच्याबरोबर कामाला होती. मैदान नवीन बनत होतं तेव्हा दोघी बहिणी डोक्यावरून वाळूच्या टोपल्या वाहायच्या, आणि नंतर काही वर्षं खुरपं घेऊन ग्रीनवरचं तण काढायच्या. दौलतला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. तेव्हाची गयामावशी भयंकर हसरी. साहेब लोकांच्या चौकड्यांच्या पाटलोणी बघून तिला हसू आवरायचं नाही. पदर तोंडात कोंबायची, तरी खांदे हलायचे, आणि केसरबाई तिला चिमटे काढायची. पुढे नवऱ्याने गावाकडे बोलावून घेतलं आणि ती गेली.

आता तिचा सगळा भार त्याच्या हातांवर होता. कमरेतली कळ अंगठ्यापर्यंत गेली होती, पण हात सोडता येत नव्हता. पाणी अंगावर पडलं तशी मावशीने डोळे मिटून घेतले.

"मावशी," दौलत तिच्या कानाशी म्हणाला, "आजून तसल्याच पाटलोणी घालतात बरं का ते. आता तर गुलाबी बी आल्यात."

तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. घशातून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. पण केसरबाईच्या हातातला तांब्या थांबला, आणि ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने दुसरीकडे वळून नाक पुसलं आणि आणखी गरम पाणी आणायला गौतमच्या बायकोला हाक मारली.

अंघोळ उरकते न उरकते तोच यादगिरीचा फोन आला. चौथ्या ग्रीनच्या मागच्या कडेचा एक फवारा वाळूने तुंबला होता. बाकीचे फिरत होते म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी बघितलं तोवर तिथलं गवत राखेच्या रंगाचं झालं होतं. दोन खाटा मावतील एवढा तुकडा. रात्रभर पाइप धरून पाणी घातलं, पण हिरवं काही होत नाही, असं तो चाचरत सांगत होता. दौलत ऐकत राहिला. एरवी तो ओरडला असता. आता रागाला जो जोर लागतो तोच अंगात नव्हता. तू बाकीच्या ग्रीनना पाणी दे, ते मेलं ते मेलं, असं त्याने सांगितलं.

केसरबाईने सगळं ऐकलं होतं.

"जा आता तू," ती म्हणाली.

"उद्या जातो."

"नुकसान झालं ना?"

"झालं. आता आज गेलो तरी झालेलंच हाय."

त्या दिवशी तो गावात राहिला. दुपारभर झोपला. संध्याकाळी गौतमबरोबर मावशीच्या खाटेच्या सुटलेल्या नवारीच्या पट्ट्या ओढून घट्ट बांधल्या. आईला परत नेण्याची गोष्ट त्याने एकदा काढून बघितली. केसरबाई म्हणाली, मी राहनार हाय. किती दिवस, हे त्याने विचारलं नाही. ज्या गोष्टीवर ते अवलंबून होतं ती गोष्ट खाटेवर पडून दोघांचं बोलणं ऐकत होती.

परतल्यावर तो घरी न जाता थेट मैदानावर गेला. चौथ्या ग्रीनचा मागचा कोपरा मेलाच होता. अभिजीत तिथे उभा होता. मीही दोनदा येऊन गेलो, मलाही दिसलं नाही, असं तो स्वतःहून म्हणाला, आणि कमिटीला काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाला. रोपवाटिकेतून गवताचे चौकोन कापून आणायचं त्याने ठरवून टाकलं होतं. ते बरोबरच होतं, दौलतनेही तेच केलं असतं.

मग तो पाचव्यावर गेला, सहाव्यावर गेला. गुडघे टेकून तळवा फिरवून बघितला. वाळू सारखी बसली होती, भोकं काठोकाठ भरली होती, गवत तजेलदार होतं. तो नव्हता तेव्हाचं हे काम. पाठीमागे यादगिरी येऊन उभा राहिला होता, काही तरी ऐकून घ्यायच्या तयारीने. दौलतला एकाच वेळी बरं वाटलं आणि आतून काहीतरी ढिलं पडल्यासारखंही वाटलं. इतकी वर्षं तो घरी सांगत आला होता की मी हललो की सगळं बिघडतं. एक कोपरा बिघडला होता. बाकीचं सगळं झालं होतं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. मग यादगिरीच्या डोळ्यांकडे बघून विचारलं, "घर कब गए थे?"

यादगिरी ओशाळून हसला. गेलाच नव्हता. पंपाच्या खोलीत गोणपाटावर पडून राहत होता. त्याचं लेकरू आजारी होतं, हे दौलतला त्याच वेळी कळलं. त्याने त्याला लगेच घरी पिटाळलं, दोन दिवस तोंड दाखवू नको म्हणाला, आणि गवताचे चौकोन स्वतः बसवायला घेतले. एक कापायचा, उचलायचा, खालची माती खरवडून समतल करायची, चौकोन शेजारच्याला भिडवून बसवायचा, वरून लाकडाच्या ठोकळीने दाबायचा. ऊन होतंच. कंबर होतीच.

काम संपल्यावर त्याने गावाला फोन लावला. केसरबाईने गया बरी आहे, दोन घास जास्त खाल्ले, असं सांगितलं, आणि फोन बहिणीच्या कानाला लावला. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो दिवसभर काय केलं तेच सांगायला लागला. गवत कुठून कापलं, किती जाड कापलं, सांधे कसे भरले. मध्येच तो थांबला की श्वासही थांबल्यासारखा वाटायचा, म्हणून तो बोलत राहिला.

गयामावशी तो पावसाळा संपेपर्यंत होती. दौलत आणखी दोनदा जाऊन आला, त्यातलं एकदा तर ऐन बुरशीच्या दिवसांत. पहिल्यांदा रजा मागताना त्याची जीभ अडखळली, दुसऱ्यांदा नाही. ती गेली तेव्हा केसरबाई जवळ होती, दौलत नव्हता. निरोप आला त्या सकाळी तो अकराव्या ग्रीनवर होता. त्याने हातातली खताची पिशवी खाली ठेवली, यादगिरीला हाक मारली, आणि काही समजावून न सांगता स्टँडच्या वाटेला लागला.